माझ्यापुरता बंदोबस्त

२४ मार्च

प्रिय वहिनी,

फोनवर तुला माझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, आणि दादाच्या हातात फोन दिला की तो दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतो. म्हणून पत्र. पोचायला वेळ लागेल, पण निदान पुरतं पोचेल.

सगळं बंद असताना मी एकटी प्रयोगशाळेत काय करते, असं तू दादाकरवी विचारलंस. मी पेशी सांभाळते. चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात त्या वाढतात. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, गर्दी झाली की अर्ध्या दुसऱ्या बाटलीत हलवायच्या. घरी बसा म्हणून त्यांना कोणी सांगू शकत नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत बहुतेक वेळ रखवालदार आणि मी, दोघंच. तो रोज विचारतो, "काय बाई, लेकरं बरी आहेत ना?" मी म्हणते, "खातायत, पितायत, वाढतायत."

वाढलेल्या पेशी मी पलीकडच्या बंदिस्त खोलीच्या खिडकीत ठेवते. मला आत जायची परवानगी नाही. तिथे त्यांच्यावर हा नवा विषाणू सोडतात. नवल असं की सगळ्या पेशींना लागण होत नाही. ज्यांच्या अंगावर एक ठरावीक प्रथिन असतं, त्यांनाच होते. ते प्रथिन म्हणजे दार समज. विषाणू तिथूनच आत शिरतो. फुप्फुसात अशी दारं आहेत, आतड्यात आहेत, रक्तवाहिन्यांत आहेत. काही पेशींना एकही नाही, त्या आरामात.

दादाला एक गंमत सांग. आमच्या मॅडम परवा म्हणाल्या की बी.पी.च्या काही गोळ्यांनी ही दारं वाढतात की काय, अशी शंका आहे. उंदरांत काहीतरी दिसलंय, माणसांचं अजून काही नक्की नाही. दादाची गोळी त्याच घराण्यातली असावी. बघ, तुझा नवरा शास्त्राच्या बातमीत आला.

जपून राहा दोघं.

तुझी,
भिंगरी


११ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र यायला चौदा दिवस लागले. ह्यांनी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

तुला वाटत असेल दुकान बंद असेल. उलट आहे. मास्क शिवायचे म्हणून जिने तिने माळ्यावरचं शिलाई मशीन काढलंय, आणि एकही धड चालत नाही. हे अर्धं शटर उघडून दुरुस्त्या करतात आणि वर पेशी शिकवतात. परवा एकीला म्हणाले, "पेशीला दारं असतात. माझी बहीण रोज बघते." ती म्हणाली, "असू देत, माझा धागा का तुटतो ते आधी बघा."

मला मात्र या मास्कनी पुरतं बहिरं केलंय. मी लोकांचे ओठ वाचते हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आता समोरच्याचं तोंड झाकलं की नुसते डोळे दिसतात, आणि डोळ्यांवरून ती बाई रागावली आहे की काजाचं माप सांगते आहे, ते समजत नाही. मी आपली मान हलवते. दोन सदऱ्यांना काजं नको तिथे पाडून झाली.

तू हसशील, पण मी भित्री झाले आहे. बाहेर कोणी शिंकताना दिसलं तरी खिडकी लावून घेते. हे सध्या जास्त करून खाली दुकानातच असतात. काल जिन्यातून म्हणाले, "मी माझ्यापुरता बंदोबस्त केलाय." कसला म्हणून विचारलं तर नुसते हसले. शटरखालून उंदीर यायचे, तिथे पट्टी ठोकली असेल.

तू वेळेवर जेवतेस का? रखवालदाराला विचारून खात्री करून घेईन.

तुझी वहिनी


८ मे

प्रिय वहिनी,

तू पाडलेल्या काजांवर दोन दिवस हसले. जेवते. रखवालदार साक्षीला आहे.

आज मला माझंच एक वाक्य मागे घ्यायचं आहे. गेल्या पत्रात मी त्या प्रथिनाला दार म्हटलं. ते चुकलं. गेल्या आठवड्यात आम्ही पेशी अशा तयार केल्या की ते प्रथिन हिरवं चमकावं. सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक पेशीच्या कडेला हिरवी रेघ दिसत होती, इतकी बारीक की तुझी तुरपाई आठवली. मग त्यात विषाणूच्या अंगावरचे काटे सोडले, नुसते काटे, विषाणू नाही. थोड्या वेळाने बघते तर रेघ जागोजागी तुटलेली. हिरवे ठिपके पेशीच्या आत ओढले गेले होते आणि कड काळी पडली होती.

दार असं आत ओढलं जात नाही, वहिनी. ते प्रथिन तिथे विषाणूची वाट बघत उभं नसतं, त्याला त्याचं स्वतःचं काम असतं. आपल्या शरीरात एक रसायन आहे, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि सूज चेतवतं. हे प्रथिन त्याचा तुकडा पाडून त्याला निवळवतं, अगदी जन्मभर, गुपचूप. विषाणू नेमका त्यालाच धरतो, आणि आत जाताना त्यालाही घेऊन जातो. मग चेतवणारं चेतवत राहतं आणि निवळवणारं कोणी उरत नाही. आजारी पेशी हाका मारतात, मदतीला पांढऱ्या पेशी येतात, त्या आणखी मोठ्याने हाका मारतात. पुरे असं कोणी म्हणत नाही. कितीतरी माणसं विषाणू कमी झाल्यावर या भडक्यानेच खचतात.

आणि त्या बी.पी.च्या गोळ्यांचं: डॉक्टरांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलंय की नुसत्या शंकेवरून गोळ्या थांबवू नका. दादा घेत असणारच, तरी सांग.

तुझी,
भिंगरी


२ जून

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र काल आलं. त्याच्या आठ दिवस आधी तुझा दादा दुकानात पडला.

एक मशीन आडवं पाडून तेल देत होते. उजव्या हातातून पेचकस पडला, तो उचलायला वाकले ते वर आलेच नाहीत. मी वरच्या खोलीत काजं करत होते. खाली काही पडलं तर मला ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. मशीन न्यायला आलेली बाई जिना चढून आली आणि माझा दंड धरून मला ओढत खाली घेऊन गेली. किती वेळ पडले होते, सांगता येत नाही.

दवाखान्यात आधी विषाणूची तपासणी केली, तो निघाला नाही. मग बाकीचं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आहे म्हणाले. उजवी बाजू हलत नाही. बोलणं म्हणजे 'हां' आणि 'नको' एवढंच उरलंय. बी.पी. फार चढलं होतं.

मला आत सोडत नाहीत. दाराच्या काचेतून बघते.

वहिनी


१२ जून

प्रिय वहिनी,

रविवारी फोन कोणी उचलला नाही, तेव्हा मला वाटलं दादा दुकानात असेल. पत्र मिळाल्यापासून तिकडे यायची परवानगी मागते आहे. अर्ज दोनदा परत आला. दवाखान्यात फोन केला तर म्हणतात प्रकृती स्थिर आहे, आणि ठेवून देतात. आमच्या घरात सगळ्यांना फोन ठेवायची घाई असते असं मी दादाला चिडवायची.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दादा सहा वर्षं गोळी घेतोय. तारीख चुकेल पण गोळी चुकायची नाही. मग एवढं चढलं कसं? औषधाचं दुकान बंद होतं का? गोळी बदलली होती का? तू पत्रात एवढंच सोडून सगळं लिहिलंस.

मला खरं सांग. माझ्यासाठी म्हणून काही झाकू नकोस.

भिंगरी


३ जुलै

भिंगरी,

हे घरी आले आहेत. डाव्या हाताने चमचा धरतात.

झाकू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते. बॉबिनच्या डब्यात गोळ्यांच्या तीन पट्ट्या सापडल्या. पंधरा-पंधराच्या, अख्ख्या. एकही गोळी फोडलेली नाही. त्यांच्या खाली तुझं मार्चचं पत्र होतं, आणि दारं वाढतात त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. हे खुणेची पेन्सिल कानावर ठेवतात, तीच.

बंदोबस्त कसला ते मला तेव्हा कळलं.

अजून काही नक्की नाही असं तू लिहिलं होतंस, हे मला माहीत आहे. मी ते वाक्य परत परत वाचलं. त्याच्याखाली रेघ नाही. दुसरं पत्र आलं तेव्हा हे दवाखान्यात होते.

तू ते गंमत म्हणून लिहिलंस. आमच्या घरात तुझं लिहिलेलं कोणी गंमत म्हणून वाचत नाही. तू अकरा वर्षांची असल्यापासून ह्यांनी तुझी प्रत्येक मार्कांची यादी दुकानात चिकटवली आहे. 'माझी बहीण म्हणते' असं म्हटल्यावर ह्यांच्यासाठी विषय संपतो. तुला हे माहीत असायला हवं होतं.

याहून जास्त माझ्याने लिहवत नाही.

वहिनी


२० जुलै

वहिनी,

तुझं बरोबर आहे.

मी मॅडमना सांगून सामान-साठ्याच्या विभागात बदली मागून घेतली आहे. आता खोकी मोजते आणि सह्या करते. तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

दादाची औषधं आणि मालिशचं तेल पाठवत राहीन. उत्तराची गरज नाही.

भिंगरी


२८ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुझी खोकी वेळेवर येतात. प्रत्येक खोकं मी उलटं करून झटकते, आत चिठ्ठी नसते. चार महिने झाले. हे खोक्यावरचा पत्ताच वाचत बसतात, अक्षर तुझं असतं म्हणून.

मला तुला एक सांगायचं आहे. जुलैमध्येच सांगायला हवं होतं. तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण जे घडलं ते माहीत होतं.

घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी जुनीच गोळी परत सुरू केली होती. ऑक्टोबरमध्ये ह्यांना खोकला लागला, कोरडा, ठसक्यासारखा. बाईंनी मला कागदावर लिहून विचारलं, "असा खोकला आधी कधी होता का?" मी 'नाही' लिहिलं. मग ते खोडलं आणि 'हो' लिहिलं. त्यांनी लिहिलं, "या गोळीने काही जणांना येतो. संसर्ग नसतो. गोळी बदलू." बदलली. तीन आठवड्यांत खोकला गेला.

भिंगरी, तो खोकला ह्यांना फेब्रुवारीपासून होता. तुझ्या पत्राच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा त्याचं कोणाला काही नव्हतं. मार्चमध्ये मात्र लोक खोकणाऱ्याकडे कसे बघायचे ते तुला आठवत असेल. एक बाई मशीन अर्धं खोललेलं तसंच उचलून घेऊन गेली. सुटे भाग ओच्यात भरून. आणि मी ह्यांची खाट खाली दुकानात नेली.

मला खोकला ऐकू येत नाही, दिसतो. खांदे उडतात, मान आत जाते. ते दिसलं की मी दोन पावलं मागे सरायचे. मी म्हटलं, "तो थांबला की वर या." ताट मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवायचे आणि वर येऊन दार लावून घ्यायचे. ताट उचलताना हे वर बघून हसायचे. एकदाही तक्रार केली नाही. मला तो त्यांचा समजूतदारपणा वाटला होता. एप्रिलभर असं चाललं.

त्यातच पहिल्या आठवड्यात तुझं पत्र आलं, ह्यांनी गोळी बंद केली, आणि महिनाअखेर खोकला थांबला. त्यांच्या लक्षात आलंच असणार. मशीनचा आवाज कुठून येतो ते एकेक भाग काढून शोधणारा माणूस आहे. खाट वर आली. गोळी परत घेतली असती तर खोकला परत आला असता, आणि खाट परत खाली गेली असती.

म्हणून पहिली पट्टी तुझ्या पत्रामुळे राहिली असेल, पण उरलेल्या दोन माझ्यामुळे राहिल्या. हे मी तुला लिहिलं नाही. तुला दोष देताना मला बरं वाटत होतं, जेवण जात होतं. तुझं 'बरोबर आहे' आलं तेव्हापासून जात नाही.

माझ्यावर राग धर. पण खोकी मोजायचं काम सोड.

तुझी वहिनी


१४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

पत्र जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच बसले. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला लागल्या, बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, वाटतंय. ते पुरतं खोटं नव्हतं.

दादाचा खोकला मला कसा कळला नाही, हा विचार करत होते. दर रविवारी फोन करायची ना मी. बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा. मला वाटायचं, झालं, ह्याच्याकडे बोलायला काही नाही. आता वाटतं, तो फोनवर हात ठेवून खोकत असणार. "बरं, ठेवतो" हे त्या महिन्यांत तो जरा जास्तच लवकर म्हणायचा. आणि मी पुढच्या कामाला लागायची.

तुझ्या दोन पट्ट्या मी तुला घेऊ देणार नाही. तेव्हा कोण घाबरलं नव्हतं? मी स्वतः रखवालदाराशी खिडकीआडून बोलायची. तुला त्या खोकल्याचं कारण ठाऊक नव्हतं. मला मात्र एवढं ठाऊक होतं की उंदरांत दिसलं म्हणजे माणसांत झालं असं नसतं. माहीत असून मी ते सजवून लिहिलं, कारण दादा कौतुकाने हसेल असं मला वाटलं. आता पाहण्या झाल्या आहेत. त्या गोळ्या चालू ठेवणाऱ्यांचं काही जास्त बिघडलेलं नाही. माझी ती गंमत निघाली नुसतीच शंका, आणि त्याने ती अंगावर घेतली.

ती गोळी ज्या प्रथिनाला रोखते, ते माझ्या त्या हिरव्या रेघेचं सख्खं भावंड आहे. त्याला रोखलं की बी.पी. उतरतं, पण घशात दुसरंच एक रसायन साठतं आणि खोकला येतो. सहा वर्षं त्याच गोळीवर काही झालं नाही, मग फेब्रुवारीतच का, असं विचारशील. कधी कधी उशिरा सुरू होतो म्हणे. मी हे आता पुस्तक उघडून वाचलं. तेव्हा कोणी मला विचारलं असतं तर तेव्हाच वाचून सांगता आलं असतं. कोणी विचारलं नाही, मीही दादाला काही विचारलं नाही. नुसतं सांगत राहिले.

जानेवारीपासून मी पेशींकडे परत जाते आहे. मॅडम म्हणाल्या, "खोक्यांना कळवा." राग मात्र सांगून धरता येत नाही, वहिनी. चार महिने प्रयत्न केला, तो सगळा माझ्यावरच वळत होता.

तुझी,
भिंगरी


१९ जानेवारी

चि. भिंगरी,

डाव्या हाताने लिहितो आहे. सहा दिवस लागले. शब्द सापडत नाहीत. वेगळेच येतात. खोडून खोडून लिहिलंय.

तू तिला लिहिलेली पत्रं वाचली. तुझी वहिनी कपाटात कपड्यांखाली ठेवते. तिला वाटतं तिथला खण मला एका हाताने उघडत नाही.

तीन पट्ट्या तुम्ही वाटून घेतल्या. एक तुझी, दोन तिच्या. मग तू तिच्याही मागितल्या. मला एकही ठेवली नाही.

गोळी मी बंद केली. तू नक्की नाही लिहिलं होतंस, ते मी वाचलं होतं. मला बंदच करायची होती, म्हणून रेघ वरच्या ओळीखाली मारली. खाली करमत नव्हतं. वर यायचं होतं. खोकला गेल्यावर समजलं, गोळीचा होता. डॉक्टरांना विचारता आलं असतं. दुसरी गोळी आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नाही. मशीनचं कोणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

तिला हे सांगितलं. कागदावर नाही, तोंडाने. वाक्य धड झालं नाही. पण ती माझे ओठ बघत होती. तिला समजलं. रडली. मग म्हणाली, "खण उघडता येतो तर स्वतःचे कपडे काढून घ्या उद्यापासून."

आठ महिने तुम्ही दोघी माझ्याबद्दल लिहिताय. मला कोणी पत्र लिहिलं नाही. फोनवर मला आधीही सुचायचं नाही, आता तर नाहीच. मला लिही.

सूज चढते कशी ते तू तिला लिहिलंस. उतरते कशी ते कोणी लिहिलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात डोक्यातली उतरते आहे. कोण उतरवतं? आपोआप उतरते, की त्यालाही कोणी कामाला लागतं?

सोपं करून लिहू नकोस. आहे तसं लिही. ह्या वेळी समजलं नाही तर विचारीन.

दादा